दैव पाचवं

“मरण लिहिलेलं असेल तर दवाखान्यात नेऊन उपयोग काय, आणि लिहिलेलं नसेल तर न्यायचंच कशाला?”

कोरोनाच्या पहिल्या दोन लाटांत मी माळशिरस तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होते. पालखी मार्गावरचं गाव. हा प्रश्न तिथं मी कितीतरी तोंडांनी ऐकला. कुणी वैतागून विचारला, कुणी हात जोडून, आणि काही म्हाताऱ्यांनी तर माझीच समजूत काढावी तसा, मायेनं. विचारणारी माणसं अडाणी नव्हती. त्यांच्यातल्या कित्येकांना ज्ञानेश्वरीचे अध्याय पाठ होते. त्यामुळं ‘अंधश्रद्धा’ एवढं म्हणून हा प्रश्न बाजूला सारायला माझं मन तयार होईना. त्याला उत्तर द्यायला हवं होतं, आणि ते त्यांच्या श्रद्धेच्या आत उभं राहून द्यायला हवं होतं. माझीही श्रद्धा तीच आहे. वडिलांच्या गळ्यात माळ होती, घरात एकादशी अजून पाळली जाते, आणि माझी पदवी आयुर्वेदाची आहे.

त्या प्रश्नाच्या मागोमाग दुसरा यायचा. “आमच्याच घरात का? आम्ही असं काय पाप केलं होतं?” पहिल्या प्रश्नानं माणसं घरात बसून राहिली आणि दुसऱ्यानं ती आजार लपवू लागली. विषाणूनं नेली त्यांतली काही माणसं खरं तर या दोन प्रश्नांनी नेली, असं माझं ठाम मत आहे.

९ मार्च २०२० ला पुण्यात राज्यातले पहिले दोन रुग्ण सापडले, दुबईहून परतलेलं जोडपं. नंतर बाहेरून येणाऱ्यांच्या हातावर विलगीकरणाचे शिक्के मारायला सुरुवात झाली. रोग पसरू नये म्हणून केलेली ती सोय होती, पण गावात पोचेपर्यंत तिचा रंग बदलला. मुंबईहून आलेल्या पोराला शाळेच्या खोलीत ठेवलं, घरावर कागद चिकटवला, गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले, आणि त्या घरानं काहीतरी केलं आहे हे लोकांच्या मनात बसलं. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ची पाहणी सुरू झाली तेव्हा आमच्या आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होत्या. आत माणूस खोकत असायचा आणि दारातली सून सांगायची, “सगळे चांगले आहेत.” तिच्या डोळ्यांत भीती दिसायची. पॉझिटिव्ह निघालं तर नेतील, नेलं तर परत येणार नाही, आणि परत आलं तरी गाव पाण्याला शिवू देणार नाही.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, शुश्रूषा करणारा आणि रोगी. चौघांचेही गुण दिले आहेत. रोग्याच्या गुणांत निर्भयपणा आहे आणि त्याच्या लगेच शेजारी आपला आजार नीट सांगता येणं हा गुण आहे. कॉलेजात आम्ही हे परीक्षेपुरतं पाठ केलं. हे दोन गुण एकमेकांना लागून का ठेवले असतील, ते मला त्या सुनांच्या दारात उभं राहिल्यावर समजलं. भ्यालेला माणूस आजार सांगत नाही, आणि न सांगितलेल्या आजारावर जगातला कुठलाच वैद्य काही करू शकत नाही.

आता आबांचं सांगते. नाव सांगत नाही. आमच्या भागात त्या वयाच्या निम्म्या माणसांना आबाच म्हणतात. एप्रिल २०२१. आबा सत्तरीच्या पुढचे, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का. लस घेतलेली नव्हती. ताप येऊन आठवडा झाला होता, पण दोन दिवसांपासून उतरला होता, म्हणून घरची मंडळी निर्धास्त होती. आशाताईनं ऑक्सिमीटर लावला तर ८४. तिला वाटलं यंत्र बिघडलं. स्वतःच्या बोटाला लावून बघितला, ९८. तिनं मला फोन केला. मी पोचले तेव्हा आबा ओट्यावर बसून चहा पीत होते.

“माऊली, मला धाप न्हाय, काय न्हाय. चांगला हाय मी. अकलूजला न्यायचं आन् प्लास्टिकात गुंडाळून आणायचं, त्यापरीस लिहिलंय ते हितंच होऊ द्या. पांडुरंग बघून घेईल.”

आबा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच धाप लागलेली नव्हती, आणि या आजाराची सगळ्यात घातकी गोष्ट तीच होती. श्वास कोंडल्याची जाणीव आपल्याला मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की होते. ऑक्सिजन हळूहळू कमी होत गेला तर तितकी होत नाही. कोरोनात फुप्फुसाचे काही भाग सुजून निकामी होतात, तिथून ऑक्सिजन रक्तात पोचत नाही, पण कार्बन डायऑक्साइड उरलेल्या भागांतून बाहेर पडत राहतो. त्यामुळं माणूस बोलतो, चहा पितो, आणि आतून त्याचा ऑक्सिजन संपत जातो. दिवसांचाही एक हिशोब असतो. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढतो. दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला काही जणांत शरीराचीच प्रतिकारशक्ती भडकते आणि फुप्फुसांना इजा करते. ताप उतरला, सुटलो, असं घर म्हणतं त्याच सुमाराला खरा धोका सुरू होतो.

हे सगळं मी त्यांच्या मुलाला अंगणात उभं राहून सांगितलं. आबांना नाही. त्यांना मी गीतेचा अठरावा अध्याय विचारला.

“आबा, कुठलंही कर्म घडायला कारणं किती लागतात?”

“पाच.”

“कुठली?”

त्यांनी बोटं मोजत सांगितली. अधिष्ठान, म्हणजे देह. कर्ता. साधनं. नाना प्रकारच्या चेष्टा. आणि दैव.

“दैव कितवं आलं?”

आबा काही बोलले नाहीत.

“देह हाय, तुम्ही हाय, साधनं अकलूजला हायेत, एकशे आठची गाडी रस्त्यात हाय. चार तर होऊ द्या, आबा. पाचव्याचं पाचव्याला.”

बराच वेळ ते ओट्यावरून उठले नाहीत. मग एकच अट घातली: माळ काढायची नाही. मी म्हटलं, कुणी काढणार नाही, आणि तिथल्या सिस्टरला फोनवर तसं सांगितलंही. गाडी आली तेव्हा आबा आपल्या पायांनी चढायला निघाले. चालू नका, स्ट्रेचरवर झोपा, असं सांगताना माझा आवाज चढला होता.

आबा वाचले. ऑक्सिजन लावला, तासन्‌तास पालथं झोपवलं, डेक्सामिथासोन दिलं, रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं दिली. घरी आल्यावर कित्येक आठवडे त्यांना दारापर्यंत चालताना भिंतीचा आधार लागायचा. पण ते वाचले म्हणून माझं म्हणणं सिद्ध झालं, असं मी समजत नाही. कारण एक बाई गेली.

ती अंगणवाडीत मदतनीस होती, पंचेचाळिशीची. साखरेचा त्रास होता. तिनं काहीही चुकवलं नाही. घसा दुखू लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी स्वतः येऊन स्वॅब दिला. मुलांपासून वेगळी झोपली. वहीत दिवसातून तीन वेळा सॅच्युरेशन लिहून ठेवायची, अक्षर मोत्यासारखं. ९३ आलं त्या दुपारी मला कळवलं आणि संध्याकाळपर्यंत तिला बेड मिळाला, जो त्या दिवसांत भल्याभल्यांना मिळत नव्हता. औषधं बरोबर होती, वेळेवर होती. तरी आजार वाढत गेला आणि व्हेंटिलेटरवर तिचा शेवट झाला. दहाव्याला चार माणसं जमली. त्यांतलं कुणीतरी बोललं, की एवढं करूनही गेली म्हणजे कर्मच तसं असणार. ते तिच्या मुलीनं ऐकलं. मुलगी दहावीला होती. ती केंद्रात आली, माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, माझी आई वाईट होती का?”

मी तिला जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं, की नाही. पण घरी गेल्यावर मी विमानस्थान काढलं. चरकसंहितेच्या या विभागाच्या तिसऱ्या अध्यायाचं नावच जनपदोद्ध्वंसनीय आहे, म्हणजे गावंच्या गावं उद्ध्वस्त करणाऱ्या रोगांविषयीचा अध्याय. पांचाल देशातलं कांपिल्य नगर, उन्हाळ्याचा शेवटचा महिना, आणि गंगेच्या काठच्या रानातून पुनर्वसू आत्रेय शिष्यांबरोबर फिरत आहेत. त्यांना ग्रहताऱ्यांत, ऋतूंत, वाऱ्यात बिघाडाची चिन्हं दिसतात. ती पाहून ते सगळ्यात आधी काय बोलतात, याकडं वाचकांनी नीट लक्ष द्यावं अशी माझी विनंती आहे. साथ येण्याआधी, जमिनीतला रस नासण्याआधी औषधी गोळा करून ठेवा, असं ते शिष्यांना सांगतात. पाप कुणाचं, ही चर्चा पुढं येते. पहिलं वाक्य तयारीचं आहे.

मग त्यांचा शिष्य अग्निवेश विचारतो, की माणसांची प्रकृती वेगळी, खाणं वेगळं, बळ वेगळं, वय वेगळं, मग एकाच वेळी एकाच रोगानं सगळी कशी मरतात? आत्रेय म्हणतात, हे सगळं वेगळं असलं तरी हवा, पाणी, जमीन आणि काळ सगळ्यांचे एकच असतात. ते बिघडले की सगळेच सापडतात. कोरोनाच्या हवेबद्दल याहून नेमकं सांगता येणार नाही. बंद खोलीत एकाच्या श्वासातून निघालेले सूक्ष्म कण दुसऱ्याच्या श्वासात जातात. त्यांतला विषाणू त्याच्या फुप्फुसातल्या पेशींवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतो, आणि ते प्रथिन माळकऱ्याच्या, दारुड्याच्या, महाराजांच्या आणि चोराच्या पेशींवर सारखंच असतं.

इथं मला अडचणीच्या जागेवरही बोट ठेवायला हवं. हवा-पाणी का बिघडतं, याचं मूळ आत्रेय अधर्मात सांगतात. मुलीच्या प्रश्नाला हो म्हणणारा कुणी हीच ओळ पुढं करेल. पण अधर्म कुणाचा, तेही तिथंच लिहिलेलं आहे. देशाचे, नगराचे, व्यापारी संघांचे, जनपदांचे प्रमुख जेव्हा धर्म सोडून प्रजेला वागवतात, तिथून तो सुरू होतो आणि मग खाली उतरत सगळ्यांत पसरतो. पूर्वी केलेल्या असत्कर्माचा उल्लेख तिथं येतो, पण अंगणवाडीच्या मदतनिसासारख्या कुणा एकीच्या मागच्या जन्माचा हिशोब तिथं मांडलेला नाही. जो सत्तेत आहे, ज्याच्या हाती साठा आहे, त्याच्याकडं ते बोट जातं.

आणि २०२१ च्या एप्रिलात ते बोट कुणाकडं जायला हवं होतं, हे आम्ही रोज पाहत होतो. पहिली लाट सप्टेंबर २०२० नंतर ओसरली होती. फेब्रुवारीत अमरावती, अकोल्याकडून पुन्हा आकडे वाढू लागले. मधले महिने औषधी गोळा करण्याचे होते. नंदुरबारचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी त्या काळात हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्रकल्प उभे केले, आणि दुसऱ्या लाटेत त्या दुर्गम आदिवासी जिल्ह्याचं नाव देशभर घेतलं गेलं. बाकी बहुतेक ठिकाणी तयारी अपुरी पडली. १९ एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन रेल्वे विशाखापट्टणमला निघाली. राज्यातला श्वास दुसऱ्या राज्यातून आणायची वेळ आली होती. दोन दिवसांनी नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या घरांना जाऊन कर्माची गोष्ट सांगायची? माझ्या लेखी तो दुसरा अधर्म आहे.

रेमडेसिविरचंही इथंच सांगते. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये असं सुचवलं होतं, कारण त्यानं मृत्यू टळतात असा पुरावा हाती नव्हता. तरी एप्रिलात औषधांच्या दुकानांपुढं रात्रभर रांगा लागल्या, काळाबाजार झाला, लोकांनी दागिने मोडले. दुसरीकडं डेक्सामिथासोन, काही रुपयांची जुनी गोळी. जून २०२० मध्येच ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीनं दाखवून दिलं होतं, की ती व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे सुमारे एक पंचमांशानं कमी करते. ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना तिचा फायदा नाही, उलट अपाय होऊ शकतो, हेही त्याच चाचणीनं सांगितलं. तिच्यासाठी कुणी रांग लावली नाही, आणि काहींनी ती पहिल्याच दिवशी, कुणाला न विचारता घेतली, साखर वाढवून घेतली आणि पुढं काळ्या बुरशीच्या तावडीत सापडले. मला यात श्रद्धेचा एक आजार दिसतो. दुर्मिळ आणि महाग ते तारणारं, सहज मिळतं ते फुकाचं, असं आपण मानतो. वारकऱ्यांनी तरी असं मानू नये. आपला देव कुठल्याही महाग विधीशिवाय भेटतो, असंच आपल्याला शिकवलेलं आहे.

माझ्या स्वतःच्या शास्त्राबद्दलही स्पष्ट बोलते, कारण लोक मला काढ्याबद्दल विचारत आणि अजूनही विचारतात. सुंठ, तुळस, गुळवेल यांचा काढा घसा शेकतो, बरं वाटतं, म्हणून जरूर घ्यावा. पण ८४ वर आलेलं सॅच्युरेशन काढ्यानं वर जात नाही. तसं सांगणाऱ्यानं चरक उघडून पाहिलेला नाही, कारण कुठल्या रोगात आपलं सामर्थ्य चालतं आणि कुठं चालत नाही, हे आधी ओळखणं हेही वैद्याचं कर्तव्य म्हणून त्यात आलेलं आहे.

आता मूळ प्रश्नाकडं. तो त्याच अध्यायात अग्निवेशानं विचारला आहे: आयुष्य ठरलेलं असतं का? आत्रेयांचं उत्तर मी त्या रात्री पुन्हा पुन्हा वाचलं. ते म्हणतात, आयुष्य दैव आणि पुरुषार्थ या दोघांच्या बळावर अवलंबून असतं. मागच्या देहानं केलं ते दैव, या देहानं करतो तो पुरुषार्थ. ज्याचं बळ जास्त, तो दुसऱ्याला दाबतो, आणि हे दोन्ही बाजूंनी घडतं. सगळ्यांचं आयुष्य ठरलेलंच असतं, तर माणसांनी दीर्घायुष्यासाठी मंत्र, औषधं, व्रतं, होम काहीच केलं नसतं, पिसाळलेल्या जनावरासमोरून कुणी बाजूला झालं नसतं, आणि अश्विनीकुमारांनी कुणावर उपचारही केले नसते. देवांचे वैद्यसुद्धा औषध देतात, हा त्यांचा मुद्दा आहे. पुढं ते गाडीच्या कण्याचा दाखला देतात. चांगला कणा नीट वापरला तर झिजून झिजून आपल्या काळानंच संपतो. तोच कणा जास्त ओझं लादलं, रस्ता खराब असला, वंगण घातलं नाही, तर अध्येमध्येच मोडतो. अकाली मरण म्हणजे हे मोडणं. ते लिहिलेलं होतं म्हणून सोडून द्यायचं नसतं.

यातून मी माझ्यापुरतं जे काढलं ते असं. दैवाचं बळ किती, हे आधी कुणालाच कळत नाही. आबांचं किती होतं, हे त्या ओट्यावर मला ठाऊक नव्हतं आणि आबांनाही नव्हतं. मग “लिहिलंय” हे त्यांनी कुठं वाचलं? जे वाचताच येत नाही, त्याच्या आधारावर ऑक्सिजन नाकारणं ही पांडुरंगावरची श्रद्धा नव्हे. आपल्याला त्याच्या मनातलं कळतं, असा तो दावा आहे. माळकऱ्यानं इतका मोठा दावा करू नये. दैव पाचवं आहे. पहिली चार पुरी झाल्यावर जे उरतं, त्यापुढं हात जोडावेत. मदतनीस बाईच्या बाबतीत चारही पुरी झाली होती. तिथं मी हात जोडले. तरीही ते तिचं कर्म, असा शब्द मी काढला नाही, काढणार नाही. कर्माचा विचार माणसानं स्वतःला जबाबदार धरण्यासाठी करायचा. शेजारणीच्या चितेपाशी उभं राहून तो मांडायला आपल्याला तिच्या मागच्या जन्माची काय माहिती? तिची साखर मला माहीत होती, तिच्या फुप्फुसांची अवस्था माहीत होती. तेवढीच कारणं मी सांगू शकते. त्यापुढं माहीत नसलेल्या ठिकाणी गप्प बसणं हा आपला धर्म आहे.

आणि ज्यांना अजूनही वाटतं, की दुःख म्हणजे पापाची पावती, त्यांनी देहूकडं पाहावं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला. ते तुकोबांच्या पापाचं फळ होतं, असं म्हणायला कुठल्या वारकऱ्याची जीभ उचलेल? किंवा १८९७ चं पुणं घ्या. प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. तो मुलगा जगला. सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. मुलानं पुण्य केलं होतं आणि बाईंनी पाप, असा हिशोब मांडून पाहा. माणूस म्हणून तो आपल्या तोंडून निघत नाही. मग गावातल्या बाईबद्दल तो इतका सहज कसा निघतो?

वारीबद्दलही बोलायला हवं, कारण दुसऱ्या बाजूनं तोच पापाचा हिशोब तिथंही मांडला गेला. वारी बंद केली म्हणून कोप झाला, असं म्हणणारी माणसं मला भेटली. २०२० च्या आषाढात आमच्या गावचा रस्ता मोकळा होता. ज्या रस्त्यावर त्या दिवसांत मुंगीला वाट मिळत नाही, तिथून मानाच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. आम्ही रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभे होतो आणि माझ्यासह सगळ्यांचे डोळे भरून आले होते. पण तो निर्णय स्वीकारणाऱ्यांत वारीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी मंडळी होती. एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवणं हा ज्या वारीचा प्राण आहे, ती वारी त्या वर्षी एकमेकांना जपण्यासाठी घरी थांबली. मला तर ती वारीच वाटते, पुरी झालेली. पुढच्या वर्षीही पादुका बसनंच गेल्या आणि २०२२ मध्ये दिंड्या पुन्हा पायी निघाल्या. आबा मुक्कामापर्यंत चालू शकले नाहीत. पालखी आली तेव्हा ते ओट्यावरून उतरून रस्त्यापर्यंत गेले.

आणि मदतनीस बाईच्या त्या मुलीनं पुढं नर्सिंगला प्रवेश घेतला.

कोरोना आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. लसीमुळं आणि आधी होऊन गेलेल्या संसर्गामुळं बहुतेकांना तो सर्दीतापासारखा येऊन जातो. पण साखर असलेल्या, किडनीचा त्रास असलेल्या, वय झालेल्या माणसांना तो अजून अडचणीत आणू शकतो, आणि उद्याची साथ दुसऱ्या कुठल्या रोगाची असेल तेव्हाही हेच दोन प्रश्न ओट्यावर बसलेले असतील. म्हणून मागणं एवढंच आहे. घरात ऑक्सिमीटर पडून असेल तर सेल बदलून ठेवा. म्हाताऱ्या माणसाला ताप, खोकला असेल तर धाप नसली तरी बोटाला लावून बघा, आणि ९४ च्या खाली आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, त्याची माळ, त्याची पोथी बरोबर द्या. आजार लपवू नका, लपवणाऱ्याला हसू नका. आणि ज्या घरातलं माणूस परत आलं नाही, तिथं जाल तेव्हा त्याच्या कर्माविषयी एक अक्षर बोलू नका. जेवणाचा डबा घेऊन जा, आणि पोरांच्या फीचं काय झालं ते विचारा.